रोवणा ते मंडई : एका नाटकाची साडेतीन वर्षे

शाखा डाकघराचा दिवस तारखेच्या शिक्क्याने सुरू होतो. कालचे अंक काढून आजचे बसवायचे, रद्दी कागदावर एक ठसा मारून तारीख नीट उमटली की नाही ते पाहायचे आणि मगच पहिल्या पासबुकाला हात लावायचा, असा तो क्रम आहे. ब्रह्मपुरी तालुक्यातील वैनगंगेकाठच्या एका गावात मी २०१२ पासून शाखा डाकपाल म्हणून हे काम करते. टपालाची थैली वेळेवर येवो अथवा न येवो, पाऊस असो, गावात मयत झालेली असो, शिक्का बदलावाच लागतो. आज तारीख बदलण्याची इच्छा आहे का, असे मला कोणी कधी विचारलेले नाही आणि मीही स्वतःला विचारलेले नाही. हाताला लागलेली ही सवय लेखनालाही लावता येईल, हे समजायला मात्र मला आठ वर्षे लागली.

मला नाटक लिहायचे होते, आणि तेही झाडीपट्टीचे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतला धानाचा व जंगलाचा जो मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो, त्यात वाढलेल्या माणसाला नाटक म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात, दंडार आणि खडीगंमत या लोकनाट्यांबरोबर नाटकांच्या तारखा लागतात आणि हा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि नाटक संपते तेव्हा तांबडे फुटायला आलेले असते. नाटकाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुण्यांसाठी चुली दिवसभर पेटत्या राहतात, कुठेतरी सोयरीकही जुळते. लहानपणी बाबा आम्हा भावंडांना बैलबंडीत तणसावर बसवून शेजारच्या गावी नाटकाला नेत, आणि परतीच्या वाटेवर बाकीची मुले झोपलेली असताना मी बंडीच्या दांडीला टेकून त्या नाटकातल्या एखाद्या बाईच्या तोंडी वेगळे बोलणे घालून पाहत असे. तिने त्या वेळी गप्प का राहावे, हा प्रश्न मला तेव्हापासून छळत आलेला आहे.

लग्नानंतरच्या वर्षांत मी लिहीत नव्हते असे नाही. सुचले की लिहीत होते. सुचायचे ते बहुधा एखादे चांगले नाटक पाहून आल्यावर; मग तीनचार दिवस मी झपाटल्यासारखी लिहीत असे, पहिला प्रवेश पुरा होत असे आणि दुसऱ्या प्रवेशात दोन माणसे समोरासमोर आली की त्यांनी काय बोलावे हे सुचेनासे होऊन वही मिटली जाई. २०२० च्या मार्चमध्ये मी त्या वह्या एकदा मोजल्या. सात नाटकांचे सात पहिले प्रवेश निघाले. सातही प्रवेश हंगामातले, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च या काळातले होते. पावसाळ्यात मी एकही ओळ लिहिलेली नव्हती, कारण पावसाळ्यात नाटके होत नाहीत आणि नाटके नसली की मला उमेद वाटत नसे. ती उमेद दुसऱ्याच्या कामातून उसनी आणलेली होती, म्हणून ती चार दिवसांत सरत होती, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वच्छ दिसले.

टाळेबंदीतही डाकघर सुरू होते. लोकांना खात्यातून पैसे काढायचे असत, आणि मी तोंडाला फडके बांधून रोज दार उघडत होते. नाटकांचा उरलासुरला हंगाम मात्र बंद झाला होता आणि पुढचा होईल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते. उमेद उसनी आणायला ठिकाणच उरले नाही, तेव्हा मी ठरवले की मृग लागला की, पेरणीबरोबर, लिहायला बसायचे आणि रोज एक पान लिहायचे. आणि पानाच्या डोक्यावर सर्वांत आधी तारीख घालायची, शिक्क्यासारखी.

वेळ कोणती निवडावी यावर मी पंधरा दिवस घालवले आणि ते वाया गेले नाहीत असे मला आजही वाटते. रात्रीचे जेवण, भांडी आणि दुसऱ्या दिवसाची तयारी आटोपेपर्यंत दहा वाजत आणि तोवर डोके रिकामे झालेले असे. दुपारी डाकघराचे चार तास संपले की बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जावे लागे. उरली पहाट. मी साडेचारला उठून सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, टोकाला, धान साठवायच्या ढोलीजवळ, एक बाज टाकून बसू लागले. घरातल्या कोणत्याही खोलीत दिवा लावला की कोणीतरी जागे होई. सपरीत मात्र फक्त कोठ्यातली गाय मान वळवून पाहत असे. साडेपाचला सासूबाई उठत, त्याआधी पान व्हायला हवे होते. तिसऱ्याच दिवशी त्या लवकर उठल्या आणि त्यांनी विचारले, ‘‘एवढ्या पहाटंला कोनाची चिठ्ठी लिवतेस वो?’’ मी नाटक लिहिते आहे असे सांगितले. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘मंग चूल मी पेटवतो. तू लिव.’’ त्या दिवसापासून माझ्या पहाटेला अर्धा तास अधिक मिळाला. माझ्या लेखनाला मिळालेली ही सर्वांत मोठी मदत आहे, आणि ती मागितल्यावाचून मिळाली.

पहिल्या दोन आठवड्यांत माझी खरी अडचण समोर आली. पहाटे बसले की पहिली वीस मिनिटे काल कुठे थांबलो होतो ते आठवण्यात जात, आणि तासभराच्या लेखनात वीस मिनिटे फार असतात. त्यावर उपाय सापडला तो स्वयंपाकघरात. आमच्याकडे रात्री निजण्यापूर्वी सकाळच्या चुलीसाठी काटक्या आणि गोवऱ्या चुलीजवळ रचून ठेवायची रीत आहे. अंधारात उठणाऱ्या बाईला सरपण शोधावे लागू नये. मी रात्री वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर फक्त एक ओळ लिहून ठेवू लागले. ती ओळ संवादाची असे, आणि ती मुद्दाम अर्धवट सोडलेली असे. एखाद्या पात्राने प्रश्न विचारलेला आहे आणि उत्तर दिलेले नाही, एवढेच. पहाटे वही उघडली की उत्तर देणे भाग पडे. त्या एका ओळीने माझी वीस मिनिटे वाचवली.

तरीही एका तासात एक पान भरायला बोलणारी माणसे लागतात, आणि ती रिकाम्या डोक्यातून येत नाहीत. म्हणून मी दिवसाकाठी ऐकलेले एक तरी वाक्य टिपायचे ठरवले, विहिरीवर, बांधीत, दळणाच्या चक्कीवर, एसटीची वाट पाहताना कानावर पडलेले. छोटी वही ओच्यात असे. यात एक नियम मी पहिल्याच दिवशी केला आणि तो आजवर मोडलेला नाही : डाकघराच्या खिडकीवर ऐकलेले काहीही वहीत उतरणार नाही. कोणाच्या खात्यात किती आले, कोणाच्या मुलाने पैसे पाठवणे थांबवले, कोणत्या बाईने नवऱ्याला न सांगता खाते उघडले, हे सारे मला कामामुळे कळते, आणि ज्या विश्वासाने ते माझ्यापाशी येते तो विश्वास कोणत्याही नाटकापेक्षा मोठा आहे. खिडकीवरच्या गोष्टी नाटकासाठी तयार असल्यासारख्या वाटतात, हे मी मान्य करते. तरी त्या घ्यायच्या नाहीत, हे ठरल्यामुळे मला खिडकीबाहेर कान लावणे भाग पडले, आणि तिथे मला माझे नाटक मिळाले.

ते मिळाले रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत. जुलै लागला, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटणीला आले आणि गावातल्या सगळ्या बाया चिखलात उतरल्या. या महिन्यात पहाटेचे पान अशक्य होते, कारण सहाला बांधीवर पोचायचे असेल तर साडेचारला भाकरी थापाव्या लागतात. मी पंधरा दिवस स्वतःशी झगडले, सोळाव्या दिवशी नियम बदलला : रोवणा चालू असेतो पान नाही, फक्त तारीख आणि ऐकलेली एक ओळ. तारीख चुकवायची नाही. हा निर्णय मला त्या वेळी हार वाटला होता. आता वाटते की शेतीच्या गावात बारमाही एकच दिनक्रम ठेवू पाहणे हीच चूक आहे. आमचा दिवसच मुळी नक्षत्राप्रमाणे बदलतो, तर लेखनाचा तास त्याच्या बाहेर कसा राहील? त्या महिन्याच्या नोंदी मी पुढे पाहिल्या तेव्हा लक्षात आले की वर्षभरातली सर्वांत चांगली वाक्ये त्याच दिवसांतली होती. कमरेत वाकून, एकमेकींचे तोंड न पाहता, हात चालू ठेवून बाया जे बोलतात ते समोरासमोर बसून बोलत नाहीत.

आमच्या भागात वाघाचे भय नवे नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ पुष्कळ आहेत, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडू लागली की ती वेचायला बायांना पहाटे अंधारातच जावे लागते, कारण फुले पहाटे गळतात आणि उशीर झाला की गुरे खाऊन जातात. काही वर्षांपूर्वी पलीकडच्या गावातली एक बाई अशीच गेली आणि परत आली नाही. त्या दिवशी रोव्यात माझ्या शेजारी असलेली बाई तिच्याबद्दल म्हणाली, ‘‘जोडवं सापडलं, टोपली नाई सापडली.’’ आणि मग, चार रोपे लावून झाल्यावर, अगदी हलक्या आवाजात, ‘‘टोपली माह्या घरची होती. पन मांगू कशी?’’

मी ते वाक्य त्या संध्याकाळी लिहिले आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. गेलेल्या बाईच्या घरी भरपाईची चर्चा चालू आहे, दीर-नणंदा वाटणीचे बोलत आहेत, आणि उंबऱ्यावर एक शेजारीण उभी आहे, जिला स्वतःची टोपली मागायची लाज वाटते. सात वर्षांपासून न सुटलेला माझा दुसरा प्रवेश मला तिथे दिसला. पुढे नाटक पुरे झाल्यावर मी त्या शेजारणीला सगळे वाचून दाखवले, गाव आणि नाती बदलल्याचे सांगितले आणि तिने मान डोलावल्यावरच ते घराबाहेर काढले.

ऑगस्टच्या अखेरीला माझ्याकडे चौसष्ट पाने होती. आणि मग पूर आला. मध्य प्रदेशात झालेल्या पावसाचे पाणी वैनगंगेला आले, गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले गेले आणि २९ ते ३१ ऑगस्ट २०२० या दिवसांत नदीकाठची गावे पाण्यात गेली. आम्ही पहिल्या रात्री डाकघराची रोकड, शिक्के आणि दप्तर उंचावर नेले, मग सासूबाई आणि मुलगा, मग गाय. वह्यांची आठवण झाली तेव्हा पाणी सपरीच्या पायरीला लागले होते. पहिली वही मी ढोलीवर ठेवलेली होती, ती कोरडी मिळाली. दुसरी बाजेवरच राहिली होती आणि ती तिसऱ्या दिवशी चिखलातून मिळाली. पहिली वही बॉलपेनाने लिहिलेली होती. दुसरी, मुलाच्या दप्तरातल्या जेल पेनाने. जेलची शाई पाण्यात विरघळली आणि एकोणतीस पाने निळसर डागांची झाली. त्यानंतर मी जेल पेन हातात धरलेले नाही. नवशिक्याला सांगण्याजोगी एक व्यवहाराची गोष्ट म्हणून ही नोंद करते.

पुरानंतरचे अडीच महिने मी काही लिहिले नाही. बांधीत गाळ भरला होता, त्या वर्षीचे धान गेले, घराची एक भिंत बसली. तारीखही घातली नाही. या काळाबद्दल मला अपराधी वाटत नाही, कारण घर उभे करणे हे त्या दिवसांचे काम होते. कठीण गेले ते पुन्हा बसणे. चौसष्ट पानांपर्यंत येताना रोज बसण्याची जी सहजता आली होती ती पार नाहीशी झाली होती. पहाटे डोळे उघडत, पण वहीजवळ जाण्याची भीती वाटे, कारण तिथे गेले की गेलेली एकोणतीस पाने दिसत.

त्यातून मला बाहेर काढले ते गावातल्या एका वयोवृद्ध प्रॉम्प्टर काकांनी. त्यांनी वडसा, म्हणजे देसाईगंज, येथल्या निरनिराळ्या नाट्यमंडळ्यांत आयुष्याची पुष्कळ वर्षे विंगेत बसून काढलेली आहेत. झाडीपट्टीत नटांना विंगेतून वाक्ये पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरचे महत्त्व बाहेरच्यांना सहसा कळत नाही. हंगामात नट रोज वेगळ्या गावी, कधी वेगळ्या नाटकात उभा राहतो आणि तालमीला मिळतात ते मोजके दिवस. अशा वेळी अख्खे नाटक प्रॉम्प्टरच्या श्वासावर चालते. काका भिंत बांधायला हात लावायला आले होते आणि त्यांनी वाळत घातलेली वही पाहिली. म्हणाले, ‘‘बाई, जे पुसलं ते मले सांगा. वाचू नोका, सांगा.’’

मी सांगू लागले. आश्चर्य असे की ज्या प्रवेशांत माणसे खरोखर एकमेकांशी बोलत होती ते मला जवळजवळ शब्दशः आठवले, आणि जिथे मी पात्रांच्या तोंडून समाजाची स्थिती समजावून सांगत होते तिथे एकही वाक्य आठवेना. एक गाणे मात्र चांगले होते आणि ते कायमचे गेले. त्याची पहिली ओळ अजूनही अधूनमधून जिभेवर येते आणि पुढे सरकत नाही. काकांनी त्या दिवशी मला जे शिकवले ते कोणत्याही शिबिरात शिकायला मिळाले नसते. ते म्हणाले, ‘‘हे वाक्य माह्या तोंडातून निघून त्याच्या कानात जाईपर्यंत त्याचा हात खाली येते.’’ म्हणजे असे की नट हात उंचावून उभा आहे, वाक्य लांब आहे, प्रॉम्प्टरला ते एका श्वासात कुजबुजता येत नाही, आणि तोवर हावभाव मरतो. यापुढे मी प्रत्येक वाक्य लिहिल्यावर कुजबुजून पाहू लागले. एका श्वासात आले नाही तर तोडू लागले. आजही सपरीत पहाटे माझे ओठ हलताना पाहून सासूबाईंना जप चालू आहे असे वाटते, आणि त्या त्याबद्दल मोठ्या आदराने शेजारणींना सांगतात.

दिवाळीच्या पाडव्याला मी पुन्हा तारीख घातली. या खेपेस एक पान हा नियम सोडून मी एक प्रवेशखंड हा नियम केला, म्हणजे एक माणूस आत येतो आणि कोणीतरी बाहेर जातो एवढा तुकडा. तो अर्ध्या पानात संपला तरी त्या दिवसाचे काम झाले. पानाने मोजले की मी पान भरण्यासाठी लिहीत होते, हे मला पहिल्या वर्षाने दाखवले होते. २०२१ चा उन्हाळा दुसऱ्या लाटेत गेला, गावाने त्यात चार जाणती माणसे गमावली. तरीही पोळ्यापर्यंत तीन अंकांचा पहिला खर्डा हातात आला. एकशे चाळीस पाने झाली होती. पुढचे वर्षभर मी नवे काही लिहिले नाही, तेच पुन्हा लिहिले. दर रविवारी काका ऐकत, आणि ज्या ठिकाणी ते तंबाखू मळायला लागत तिथे मी खूण करीत असे.

२०२३ च्या प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या दिवशी पद्म पुरस्कार जाहीर झाले आणि त्यात झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांचे नाव पद्मश्रीसाठी होते. आमच्या घरी ती बातमी यजमानांनी मोबाइलवर वाचून दाखवली. ते शेतकरी माणूस आहेत, माझ्या लेखनाला त्यांनी कधी विरोध केला नव्हता आणि कधी त्याबद्दल बोललेही नव्हते. त्या रात्री जेवताना त्यांनी पहिल्यांदा विचारले, ‘‘तुझं कुठवर आलं?’’ मी म्हटले, झाले आहे. ‘‘मग घरी कावून ठेवलंस?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. रोजच्या शिस्तीची एक बाजू अशी आहे की तिच्यात लपता येते. अजून थोडे सुधारू, अजून एक खर्डा करू, असे म्हणत मी गेले सहा महिने वही घरातच फिरवीत होते.

होळीनंतर हंगाम संपला की नाट्यमंडळ्या पुढच्या वर्षासाठी नव्या संहिता ऐकतात. ब्रह्मपुरीहून रेल्वेने वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा येते, आणि तिथे मंडळ्यांच्या फलकांखाली, छोट्या कचेऱ्यांमध्ये, झाडीपट्टीच्या हंगामाचा सगळा हिशेब मांडला जातो. पहिल्या दोन ठिकाणी नकार मिळाला. एकांनी विषय फार दुःखाचा आहे असे सांगितले, दुसऱ्यांनी पहिला अंक ऐकून उठण्याची परवानगी मागितली. तिसऱ्या निर्मात्यांनी पूर्ण ऐकले. मग त्यांनी तीन गोष्टी मागितल्या : विनोदी नटासाठी जागा, प्रत्येक अंकात गाणे, आणि स्त्रीपात्रे सहावरून चारवर, कारण प्रत्येक कलावंताची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, ठरलेली असते आणि तिकिटांच्या पैशांत ती बसली पाहिजे. चौथीही एक मागणी होती, की शेवटी दिराला सर्वांसमोर शिक्षा व्हावी.

पहिल्या तीन मी मानल्या. निर्माते म्हणाले की प्रेक्षक दिवसभर राबून, थंडीत उघड्यावर येऊन बसतो आणि त्याला रात्र काढायची असते. हे ऐकल्यावर मला विनोदी प्रवेश कमीपणाचा वाटला नाही. दोन बाया कमी करताना एकीचे बोलणे दुसरीत मिसळावे लागले आणि त्यामुळे ती दुसरी अधिक भरीव झाली. शेवट मात्र मी बदलला नाही. माझ्या नाटकाचा शेवट शेजारणीच्या दारात कोणीतरी रात्री गुपचूप टोपली ठेवून जाते, एवढाच आहे. कोणी ठेवली ते कळत नाही. आम्ही यावर तीन वेळा बसलो. तिसऱ्या वेळी काका माझ्यासोबत आले होते, आणि त्यांनी तो शेवटचा प्रवेश प्रॉम्प्टरच्या आवाजात, कुजबुजत, त्या कचेरीत वाचला. पंखा बंद करायला सांगून वाचला. त्यानंतर निर्मात्यांनी शेवटाचा विषय काढला नाही.

जूनमध्ये मी स्वच्छ प्रत उतरवायला घेतली. ती पहाटेच्याच तासात उतरवली, आणि रोवण्याच्या दिवसांत थांबवली. नाटकांच्या संहितांना परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचे काम मंडळीने पाहिले. दसऱ्याला तालमी सुरू झाल्या. मला तालमीला पाचच दिवस जाता आले, कारण डाकघराची रजा तेवढीच शिल्लक होती आणि बांधीत धान कापणीला आलेले होते. कापलेल्या धानाच्या कडपा उचलून पुंजणे, म्हणजे गंजी, रचेपर्यंत घरात एक माणूस कमी पडणे परवडत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, भाऊबीज होऊन गेल्यावर, एका गावच्या मंडईला पहिला प्रयोग लागला. घरचे सगळे प्रेक्षकांत होते. मी विंगेत, मंडळीच्या प्रॉम्प्टरच्या मागे एका पेटाऱ्यावर बसले होते, कारण काकांनी मला तिथेच बसायला बजावले होते. लेखकाने पहिला प्रयोग समोरून पाहू नये, असे त्यांचे म्हणणे होते. समोरून फक्त टाळ्या दिसतात. मागून मला जे दिसले ते असे, की पहिला अंक प्रॉम्प्टरच्या ओठांवरून सरळ उतरत गेला, विनोदी नटाने टोपलीवर एक जागा स्वतःहून वाढवली आणि ती माझ्यापेक्षा चांगली होती, आणि दुसऱ्या अंकात शेजारीण उंबऱ्यावर आली तेव्हा समोरच्या अंधारातून एकही आवाज आला नाही, लहान मुलाचाही नाही.

तिसऱ्या अंकात थोरल्या जावेचे एक वाक्य अडले. प्रॉम्प्टरने ते दिले, बाईंनी अर्धे घेतले, हात पुढे केला, उरलेले अर्धे येईपर्यंत हात तसाच राहिला आणि मग खाली आला. प्रेक्षकांना ते जाणवले नसावे. मी वाक्य मोजले. सतरा शब्द होते. सपरीत कुजबुजून पाहताना मी त्यात मध्ये श्वास घेतला असणार आणि ते माझ्या ध्यानात आले नसणार.

पहाटे नाटक संपले. आम्ही टेम्पोतून परत निघालो तेव्हा सासूबाई माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपल्या होत्या, आणि दोन्ही बाजूंच्या बांध्यांत पुंजणी उभी होती. घरी पोचून मी चहा ठेवला, साडेनऊच्या आत डाकघर उघडायचे होते. त्याआधी वही काढली, तारीख घातली आणि ते वाक्य नऊ आणि सहा अशा दोन वाक्यांत तोडले; दोन शब्द लागलेच नाहीत. दुपारी मंडळीला फोन करून सांगितले. आठवड्याने दुसरा प्रयोग झाला. तिथे मला जाता आले नाही, पण प्रॉम्प्टरनी पहाटे, अंक संपल्याबरोबर, फोन करून कळवले की बाईंचा हात या खेपेस वेळेवर खाली आला.